इंजिनिअरिंगला जाण्याआधीचे चार महिने: गोव्यातल्या मुलांसाठी पायरी-पायरीने तयारी

बारावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये आटोपते आणि कॉलेजचे वर्ग पावसात सुरू होतात. मधल्या काळात घराघरांत एकच चर्चा असते: प्रवेश कुठे मिळणार? प्रवेश मिळाल्यावर पहिल्या सेमिस्टरला मूल उभं कसं राहणार, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. मी दहावीनंतर डिप्लोमा केला आणि मग थेट दुसऱ्या वर्षातून डिग्री. नंतर धाकट्या भावाला आणि आमच्या वाड्यावरच्या बऱ्याच मुलांना फॉर्म भरण्यापासून पहिल्या परीक्षेपर्यंत सोबत केली. हुशार मुलं पहिल्या वर्षाला अडखळतात तेव्हा त्यामागे ठरावीक चार-पाच कारणं असतात, आणि ती कॉलेज सुरू होण्याआधीच दूर करता येतात. ती कशी, ते खाली लिहिलं आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. या महिन्यांत पहिल्या सेमिस्टरची पुस्तकं आणून पुढचं शिकायला बसू नका. मागचं पक्कं करा.

१. आधी वाट ठरवा: डिप्लोमा की बारावी सायन्स

दहावीनंतर पॉलिटेक्निकचा तीन वर्षांचा डिप्लोमा करता येतो, किंवा हायर सेकंडरीत फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स घेऊन बारावी आणि मग चार वर्षांची डिग्री. डिप्लोमा झालेल्याला डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. म्हणजे दहावीपासून मोजलं तर दोन्ही वाटांनी डिग्री सहा वर्षांतच पुरी होते.

"डिप्लोमा म्हणजे कमी मार्कवाल्यांसाठी" असं सांगणारे नातेवाईक प्रत्येक घरात असतात. त्यांचं मनावर घेऊ नका. ज्या मुलाला वस्तू उघडून बघायला आवडते, ज्याला आकृती काढताना वेळेचं भान राहत नाही, त्याला डिप्लोमात शिकणं आवडू लागतं. शिवाय तीन वर्षांनी घरची गरज असेल तर नोकरीचा पर्याय हातात असतो: ज्युनिअर इंजिनिअरच्या सरकारी जागा, वास्कोचं शिपयार्ड, वेर्णा-कुंडईच्या औद्योगिक वसाहती.

इथे फसू नका: डिप्लोमातून डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला गेल्यावर गणित अंगावर येतं. शेजारी बसलेल्यांनी बारावीचं आणि पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस केलेलं असतं. तुमचं गणित तोवर दोन वर्षं मागे राहिलेलं असतं. डिग्रीला जायचा विचार असेल तर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी रोज थोडं बारावीचं गणित काढत राहा.

अकरावीला जाणाऱ्यांनी मॅथ्स सोडून फक्त बायोलॉजी घेऊ नये. "नंतर बघू" म्हणणाऱ्यांची इंजिनिअरिंगची दारं तिथेच बंद होतात.

२. कुठे काय आहे, आणि कुठल्या दाराने जायचं

डिप्लोमासाठी सरकारी पॉलिटेक्निक पणजीला आल्तिनोवर आहे, डिचोलीचं मयेत आणि कुडचड्याचं काकोड्यात. वास्कोला जहाजबांधणीची संस्था आहे, वेर्ण्याला आग्नेल पॉलिटेक्निक. डिग्रीसाठी फर्मागुडीचं गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय १९६७ पासून चालू आहे. त्याशिवाय वेर्णा, शिरोडा, फातोर्डा आणि आसगाव इथे खासगी कॉलेजं आहेत. यांचे प्रवेश पर्वरीचं तंत्रशिक्षण संचालनालय हाताळतं. कुठल्या परीक्षेचे गुण धरायचे, किमान टक्के किती, कोणत्या तारखेला कुठली फेरी, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचा. नियम बदलत असतात. गेल्या वर्षी प्रवेश घेतलेल्या शेजारच्या दादाची माहिती कितीही मनापासून दिलेली असली तरी ती गेल्या वर्षीची असते.

कुंकळ्ळीची एनआयटी आणि गोव्याची आयआयटी यांचा रस्ता वेगळा. त्यासाठीची देशपातळीवरची प्रवेश परीक्षा, जेईई मेन, जानेवारी आणि एप्रिलमध्ये अशी दोनदा होते, आणि आयआयटीसाठी त्यापुढे जेईई ॲडव्हान्स्ड. झुआरीनगरच्या बिट्स या खासगी संस्थेची स्वतःची प्रवेश परीक्षा असते, बिटसॅट.

इथे फसू नका: एनआयटीच्या निम्म्या जागा त्या-त्या राज्याच्या कोट्यात असतात, आणि तुमचं राज्य कोणतं हे बारावी कुठून पास झालात त्यावर ठरतं. घर कुठे आहे हे तिथे बघत नाहीत. काही पालक दहावीनंतर मुलाला राजस्थानातल्या कोटा शहरात, बेळगावला किंवा पुण्याला शिकवणीसाठी पाठवतात आणि बारावीही तिकडचीच देतात. मग गोव्यात जन्मलेल्या, वाढलेल्या मुलाला घराजवळच्या एनआयटीत गोव्याचा कोटा मिळत नाही. बाहेर पाठवायचंच असेल तर हा हिशेब आधी करा, फी भरल्यावर नव्हे.

३. कागदपत्रं: निकालाची वाट बघू नका

निकाल लागला की मामलेदार कचेरीत एकदम गर्दी होते. त्याआधीच हे गोळा करा:

- दहावी आणि बारावीची गुणपत्रिका व प्रमाणपत्रं
- शाळा सोडल्याचा दाखला
- जन्मदाखला
- रहिवासी दाखला (किती वर्षांचं वास्तव्य लागतं ते माहितीपुस्तिकेत बघा)
- लागू असेल तर जातीचा दाखला, ओबीसींसाठी नॉन-क्रीमीलेअर, किंवा ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक) दाखला
- उत्पन्नाचा दाखला
- आधार आणि विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचं बँक खातं
- या सगळ्याची नीट वाचता येणारी स्कॅन प्रत, आणि पासपोर्ट आकाराचे फोटो

बरेच दाखले गोवा ऑनलाइन या सरकारी पोर्टलवरून मागता येतात. तरी कुठला कागद परत आला तर तलाठ्याकडे आणि मामलेदाराकडे जावं लागतंच, तेव्हा वेळ हाताशी ठेवा.

आपल्याकडे सगळ्यात जास्त अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. आजोबांच्या वेळच्या नोंदी पोर्तुगीज वळणाने लिहिलेल्या. त्यात आडनाव पोरोब, वडिलांच्या शाळेच्या दाखल्यात परब. नाईकचं स्पेलिंग एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरं. आईचं नाव लग्नाआधीचं एके ठिकाणी, नंतरचं दुसरीकडे. हे सगळं एकाच माणसाचं आहे असा डायव्हर्जन्सचा दाखला काढावा लागतो, आणि तो एका दिवसात मिळत नाही. म्हणून आज संध्याकाळी एक काम करा. सगळे कागद जेवणाच्या टेबलावर पसरा आणि मुलाचं, आईचं, वडिलांचं नाव प्रत्येक कागदावर एकेक अक्षर जुळवून बघा. जिथे फरक दिसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. उद्या त्याच कामाला लागा.

जेईईतून जाणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: ओबीसी आणि ईडब्ल्यूएसचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो आणि तो त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा असावा लागतो. राज्याच्या नमुन्यातला जुना दाखला तिथे चालत नाही.

४. गणित: हाताने, कागदावर, प्रत्येक ओळ लिहून

ज्यांना चांगले गुण होते अशी मुलंही पहिल्या सेमिस्टरला गणितात का पडतात, याचा मी बराच विचार केला आहे. मला दिसलेलं कारण असं: शेवटचं वर्षभर त्यांनी चार पर्यायांतून उत्तर निवडायचा सराव केलेला असतो. पर्याय बाद करायचे, किंमत घालून बघायची, गोल काळा करायचा. कॉलेजच्या पेपरात पर्याय नसतात. कोरं पान असतं, आणि गुण पायऱ्यांना असतात. उत्तर माहीत असलेला मुलगा तिथपर्यंत कसं पोचायचं हे लिहू शकत नाही.

तेव्हा रोज एक तास, कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून, हे काढा:

- समीकरणात हवी ती राशी एकटी करणं
- घातांक आणि लॉगरिदम
- त्रिकोणमितीची नित्य लागणारी सूत्रं
- व्हेक्टर, मॅट्रिक्स, डिटरमिनंट
- कॉम्प्लेक्स नंबर
- डेरिव्हेटिव्ह आणि इंटिग्रेशन, निदान बारावीच्या पुस्तकातले सगळे सोडवलेले नमुने

पहिला मुद्दा पाहून कोणी म्हणेल, हे तर आठवीचं. करून बघा. पेंड्युलमच्या दोलनकाळाचं सूत्र, T = 2π√(L/g), लिहा आणि त्यातून गुरुत्वत्वरण एकटं एका बाजूला आणा. वर्गमूळ आहे, म्हणून आधी दोन्ही बाजूंचा वर्ग. वर्ग करताना बाहेरच्या दोन पायचाही वर्ग होतो, तो चार पाय-वर्ग. मग गुणून, भागून मोकळं. मी शिकवलेल्या मुलांपैकी बरीच जण तो दोन पाय तसाच ठेवतात. फ्लुइड मेकॅनिक्समध्ये, सर्किटमध्ये, सगळीकडे हेच काम असतं, फक्त अक्षरं वाढतात.

शिकवणीला जायचं असेल तर जा. पण शिकवणीत दुसऱ्याने फळ्यावर सोडवलेलं गणित वहीत उतरवलं म्हणजे ते आपल्याला आलं असं नसतं. घरी येऊन वही मिटा आणि तेच पुन्हा कोऱ्या कागदावर सोडवा.

५. एककं आणि आकृती

या दोन गोष्टींना शाळेत फार कमी महत्त्व दिलं जातं, आणि इंजिनिअरिंगमध्ये त्यांच्यावाचून पान हलत नाही.

एक सोपं गणित घ्या. १० मिलिमीटर व्यासाची लोखंडी सळी, तिला ५००० न्यूटनने ओढलं. स्ट्रेस, म्हणजे दर चौरस एककावर येणारा जोर, किती? त्रिज्या ५ मिलिमीटर, क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस मिलिमीटर. ५००० भागिले ७८.५, म्हणजे साधारण ६३.७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर, आणि हेच ६३.७ मेगापास्कल. आता हेच गणित मीटरमध्ये करा. एक चौरस मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरचा दहा लाखावा भाग. मुलं इथे हजारानेच भागतात, कारण मिलिमीटर-मीटर म्हटलं की हजार हे डोक्यात बसलेलं असतं. उत्तर हजारपटीने चुकतं आणि आकडा बघून शंकासुद्धा येत नाही. प्रत्येक आकड्यापुढे प्रत्येक ओळीत एकक लिहायची सवय लावा. सुरुवातीला कंटाळवाणं वाटतं. महिनाभरात हात आपोआप लिहू लागतो.

दुसरं, फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे एकाच वस्तूवरचे सगळे जोर बाणांनी दाखवणारी आकृती. भिंतीला टेकलेली शिडी घ्या. आधी भिंत आणि जमीन पुसून टाका, कागदावर फक्त शिडी ठेवा. मग तिला कोण कोण ढकलतंय ते एकेक विचारा. शिडीचं वजन, मधोमध, सरळ खाली. जमिनीचा आधार, पायाशी, सरळ वर. पाय भिंतीपासून दूर घसरू पाहतो, म्हणून घर्षण भिंतीच्या दिशेला. भिंत गुळगुळीत धरली तर तिचा जोर शिडीच्या टोकावर, भिंतीपासून बाहेर, आडवा. चार बाण. यातला एक विसरला किंवा उलटा काढला की खालची पानभर गणितं वाया. रोज घरातली एक वस्तू घ्या, कपाटावरचं पुस्तक, दोरीवर वाळत घातलेली चादर, विहिरीच्या रहाटावर लटकलेली कळशी, आणि तिचे बाण काढा. पाच मिनिटांचं काम आहे.

आकृती काढायचं असंच. काड्यापेटी समोर ठेवा आणि समोरून, वरून, बाजूने ती कशी दिसते ते तीन चौकटींत मापाने काढा. मग साबणाची डबी, मग दाराची कडी. वस्तू डोक्यात फिरवता येणं सरावाने येतं. ड्रॉइंगच्या तासाला पहिल्यांदाच हे करणाऱ्याची फार धांदल उडते.

६. हाताला काम द्या

गोव्यात यासाठी लांब जावं लागत नाही. शिगमोचे चित्ररथ बघायला सगळेच जातात. जमलं तर आधी आठवडाभर, जिथे ते बांधले जातात त्या मांडवात जाऊन बसा. मान डोलावणारा हत्ती, हात उचलणारा राक्षस: आत बहुतेक वेळा एक छोटी मोटर असते, तिच्या दांड्यावर एक चकती, चकतीच्या कडेला एक पट्टी. मोटर गोल फिरते, पट्टी पुढे-मागे जाते. क्रँकची ही यंत्रणा पुढे मेकॅनिकलच्या पुस्तकात समीकरणांसकट भेटते. ज्याने ती जोडताना पट्टी किती लांब ठेवली की हात किती वर जातो हे बघितलंय, त्याला ती समीकरणं परकी वाटत नाहीत. दिवाळीच्या नरकासुरांच्या सांगाड्यांबद्दलही हेच म्हणेन. वेल्डिंग, तोल, वायरिंग, सगळं त्यात आहे, आणि ते बांधणारी वाड्यावरची मुलं विचारलं तर आनंदाने शिकवतात.

घरी करण्याजोगं:

- साधा मल्टीमीटर आणा. सेलचा व्होल्टेज मोजा, वायर कुठे तुटली ते कंटिन्युइटीच्या आवाजावरून शोधा. भिंतीतल्या प्लगला हात लावायचा नाही. सगळे प्रयोग सेलवर.
- सायकलचं चाक काढून परत बसवा. बेअरिंगच्या गोळ्या मोजून ठेवा.
- शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर आणि स्क्रू गेज पुन्हा हातात घ्या. माप घेण्याआधी जबडे मिटून शून्य शून्यावर येतं का ते बघा. झिरो एरर कळणं आणि ती वजा की अधिक करायची हे न गोंधळता सांगता येणं, याची वर्कशॉपमध्ये रोज गरज पडते.

कॉम्प्युटर कुठल्याही शाखेला लागतो. स्प्रेडशीटमध्ये सूत्र घालून तक्ता करणं आणि पायथन किंवा सी मध्ये दहा-पंधरा ओळींचा प्रोग्राम स्वतः लिहिणं, एवढं पुरे.

७. इंग्रजी पुस्तक वाचायची सवय

आपल्यातल्या बऱ्याच मुलांची चौथीपर्यंतची शाळा मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी. परीक्षेपुरतं इंग्रजी येतं, पण जाड पुस्तकातलं अख्खं पान सलग वाचून समजून घ्यायची सवय नसते. मुलं मग नोट्सवर आणि व्हिडिओंवर राहतात. व्हिडिओ चांगले असतात, मीही बघितले. मात्र परीक्षेत लिहायचं असतं, आणि वाचणाऱ्यालाच लिहिता येतं.

रोज बारावीच्या फिजिक्सच्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचा. मग पुस्तक मिटून आईला, भावाला, कोणालाही ते मराठीत किंवा कोंकणीत समजावून सांगा. सांगताना जिथे अडखळाल तिथे तुम्हाला ते कळलेलं नाही. तो भाग पुन्हा वाचा. शेवटी त्याच पानावर पाच ओळी इंग्रजीत लिहा. व्याकरणाची भीती नको, वाक्यं लहान ठेवा. वर्गात प्रश्न विचारताना इंग्रजी सुचलं नाही तर मराठीत किंवा कोंकणीत विचारा. गोव्यातले बहुतेक प्राध्यापक तसं समजावून सांगतात. गप्प बसण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

८. सामान

ड्राफ्टर, टू-एच आणि एचबी पेन्सिली, सेटस्क्वेअर, प्रोग्राम न करता येणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर, वर्कशॉपचा बॉयलर सूट किंवा ॲप्रन, पुढून बंद असलेले जाड बूट. कॉलेजने यादी देईपर्यंत खरेदी नको. ड्राफ्टर वरच्या वर्गातल्यांकडून अर्ध्या किमतीत मिळतो. लॅपटॉपची घाई नको, शाखेला काय लागतं ते कळल्यावर घ्या. वर्कशॉपमध्ये केस घट्ट बांधलेले, ओढणी नाही, अंगठी नाही, सैल बाही नाही. यात कोणाचीही भीड धरू नका.

९. पैशांचं

फी बघून घरचे गप्प होतात अशी घरं मी पाहिली आहेत. चौकशी केल्याशिवाय माघार घेऊ नका. गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी शैक्षणिक कर्जाची योजना आहे. मुलींसाठी अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची (एआयसीटीई) प्रगती शिष्यवृत्ती आहे: वर्षाला ५०,००० रुपये, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत, एका घरातल्या दोन मुलींना. पहिल्या वर्षाच्या डिप्लोमा-डिग्रीवाल्यांना आणि थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनाही ती मिळू शकते. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा.

इथे फसू नका: अर्ज मंजूर होतो आणि पैसे येत नाहीत, कारण बँक खातं आधारला जोडलेलं नसतं, किंवा खात्यावरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव वेगळं असतं. वर टेबलावर कागद पसरायला सांगितले, त्यात बँकेचं पासबुकही ठेवा.

१०. पहिले काही आठवडे

सुरुवातीला ओळखीपाळखीचा इंडक्शन कार्यक्रम असतो. तो चुकवू नका. प्रयोगशाळा कुठे, लायब्ररीचं कार्ड कसं, कुठल्या अडचणीला कोणाकडे जायचं, हे तिथेच कळतं. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांनीही ऑनलाइन भरायचं असतं. कोणी त्रास दिलाच तर १८००-१८०-५५२२ या मोफत क्रमांकावर तक्रार करता येते. पालकांनी हा क्रमांक स्वतःच्या फोनमध्येही ठेवावा.

काणकोण, सांगे, वाळपई, पेडण्याहून फर्मागुडीला रोज ये-जा करायचा विचार असेल तर कॉलेज सुरू होण्याआधी एकदा सकाळच्या बसने जाऊन या. फोंड्याला बस बदलण्यात किती वेळ जातो ते बघा आणि मग हॉस्टेल की कदंब बसचा पास ते ठरवा. दोन्हीकडून चार तास बसमध्ये जाणार असतील तर मी हॉस्टेल घ्या म्हणेन, पहिलं वर्ष तरी. हजेरी ७५ टक्के लागते आणि पावसात बस चुकली की प्रॅक्टिकल बुडतं.

चवथीच्या सुट्टीकडे विशेष लक्ष द्या. वर्ग नुकतेच रुळलेले असतात, तेवढ्यात सगळे गावी जातात. दीड दिवसाचा गणपती असो की अकरा दिवसांचा, घरात आरत्या, भजनं, पाहुणे, आणि ते सगळं हवंच. फक्त घरी जाताना मेकॅनिक्स आणि गणिताची वही पिशवीत घाला आणि रोज सकाळी पाहुणे यायच्या आत दोन गणितं सोडवा. परत गेल्यावर लगेच पहिली अंतर्गत चाचणी लागते. तिच्या तपासलेल्या पेपरात गुण कुठल्या ओळीला गेले ते प्राध्यापकांकडे त्याच आठवड्यात जाऊन विचारा, आणि तेच गणित त्यांच्यासमोर पुन्हा सोडवून दाखवा.